फळ्यावरची आडनावं

खंडारे सर विद्यार्थ्यांना गावाच्या नावानं हाक मारायचे. "ए बाळापूर, पुस्तक उघड." "सेमाडोह, खिडकीतून काय पाहून राहिला?" आमच्या अकोल्याच्या कॉलेजात ते माती शिकवायचे आणि मी इंग्रजी. माझं घर मूळचं अमरावतीचं, म्हणून स्टाफरूममध्ये मी त्यांच्यासाठी 'अमरावती' होतो. अठरा वर्षं त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

नव्या वर्गात पहिल्या दिवशी ते हजेरीपट मिटून ठेवत आणि एकेकाला उभं करत.

"तुह्या गावात पाणी कुठून येते?"

"नळातून, सर."

"अन् नळात?"

"टाकीतून."

"अन् टाकीत?"

मुलगा शेजारच्याकडे पाहू लागला. "जाय, शोधून ये. तोवर तुही हजेरी नाई."

मुलगा चौथ्या दिवशी धरणाचं नाव, कालव्याचा रस्ता आणि मधे कुणाच्या शेतात पाइप फुटला आहे ते सगळं शोधून आला. त्या दिवसापासून तो बाळापूर झाला. मी एकदा त्यांना विचारलं होतं, की आडनाव का घेत नाही. ते म्हणाले, "आडनाव इचारलं का समोरचा पोट्टा आधी सावरून बसते, आता हा आपल्याले कुठं टाकते म्हून. गाव इचारलं का पाण्याचं, पिकाचं बोलते. मले मातीचं काम, मले त्याचं आडनाव काय कराचं?"

ते स्वतः पातूरजवळच्या एका खेड्यातले. घर बौद्ध. वडील शाळेत शिपाई होते. सरांच्या शर्टाच्या खिशात कायम एक आगपेटी असायची आणि तिच्यात काड्यांऐवजी माती. कुठंही गेले की चिमूटभर उचलायची, बोटांवर चोळायची, हुंगायची आणि काही न बोलता आगपेटीत टाकायची. हसताना त्यांचा आवाज येत नसे, फक्त खांदे हलत. रागावले की मात्र आवाज तीन वर्गांत जाई. प्राचार्यांशीही ते त्याच वऱ्हाडीत बोलत ज्या वऱ्हाडीत चहावाल्याशी. पुण्याहून आलेल्या एका तपासणी समितीला वाटलं, की हे गृहस्थ भांडताहेत. खरं तर ते त्यांना जेवायला बसा म्हणत होते.

डेन्मार्कच्या त्या गावाशी आमचा संबंध कॉलेजच्या एका करारातून आला. समुद्राजवळचं छोटं गाव, साठ-सत्तर माणसं, गवताच्या गासड्यांनी बांधलेली घरं, आपलं धान्य आपण पिकवायचं, वीज वाऱ्यावर. त्यांनी आमच्या बारा मुलांना एक आठवडा बोलावलं होतं. जाण्याआधी स्टाफरूममध्ये संगणकावर त्यांच्याशी बोलणं झालं. तिकडून इंगा नावाच्या एक बाई बोलत होत्या, साठीच्या, पांढऱ्या केसांच्या. सरांचं इंग्रजी कच्चं, म्हणून मधे मी. बाईंनी गावातली कामं सांगितली. शेवटी म्हणाल्या, आमच्याकडे पाण्याचे संडास नाहीत, बादल्या आहेत, त्या भुश्यानं झाकतो, खत करतो.

सर पुढे सरकले. "त्या बादल्या कोण उचलते, इचारा."

मी विचारलं. सगळे, पाळीपाळीनं, बाई म्हणाल्या.

"सगळे म्हंजे? नीट इचारा, अमरावती. बाईबी?"

बाई हसून म्हणाल्या, माझी पाळी मंगळवारी.

"गावात डॉक्टर असन ना? डॉक्टरबी?"

डॉक्टरपण. आणि आमच्या शाळेची मुख्याध्यापिकापण.

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. नंतर जिन्यात मला म्हणाले, "बाकी पवनचक्की गिवनचक्की पोट्टे पाहतीन न पाहतीन. मले त्यायले ही एकच गोष्ट दाखवाची हाय. अशी जागा हाय दुनियेत, जिथं हे काम कोणाच्या जन्माले बांधेल नाई. एकदा डोयानं पाह्यलं ना, मंग घरी आल्यावर त्यायले कोणी शिकवू शकत नाई का हे असंच असते."

त्यांना त्या दौऱ्यातून हवं होतं ते एवढंच. त्यासाठी ते चार महिने मुलांच्या घरी फिरले. पासपोर्ट, पोलिस पडताळणी, आईबापांची समजूत. सेमाडोहच्या मुलाच्या घरी मी बरोबर होतो. त्याचे वडील जंगलखात्यात मजूर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तिथं वाघ हायेत का?"

"नाई, बावा."

"मंग न्या. इथल्यापेक्षा बराच हाय."

सरांचे खांदे परतीच्या वाटेवर चिखलदऱ्याचा घाट उतरेपर्यंत हलत होते.

बारा जणांत मूर्तिजापूरची रूपाली तायडे होती. सरांची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी, आणि सगळ्यांत जास्त बोलणी खाणारी. तिच्या प्रयोगवहीत ते लाल शाईनं लिहीत, "मूर्तिजापूर, तू हुशार हाय हे मले मालूम हाय, मातीले मालूम नाई. पुन्हा कर." ती वही घेऊन भांडायला येई. "सर, मातीनं काय प्रमाणपत्र द्यायचं का आता?" आणि मग दोघं प्रयोगशाळेत संध्याकाळपर्यंत वाद घालत. सरांना मूल नव्हतं. याहून जास्त मी काही सांगत नाही.

आम्ही जूनमध्ये गेलो. विमानातून उतरताना सरांच्या कानात दडे बसले आणि ताप भरला. तरी बसमध्ये उभं राहून त्यांनी मुलांना सांगितलं, "राजेहो, तिथं आपण पाव्हणे नाई. सगळी कामं करायची. कामं मी वाटून देईन. कोणी कुरकुर केली तं इथंच ठेवून जाईन."

पोचलो तेव्हा संध्याकाळ होती, पण तिकडे उन्हाळ्यात तेव्हाही लख्ख उजेड असतो. मुलं शेळ्या पाहायला पळाली. जेवणघराच्या भिंतीवर एक मोठा फळा होता. आडव्या ओळीत दिवस आणि उभ्या ओळीत कामं: स्वयंपाक, मळा, शेळ्या, लाकडं, भांडी, बादल्या. इंगाबाई म्हणाल्या, तुमच्या मुलांची नावं तुम्हीच भरा, तुम्ही त्यांना ओळखता.

सरांना उभं राहवत नव्हतं. ते खडू माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुमचं इंग्रजी अक्षर चांगलं हाय. भरा. मी जरा पडतो."

मी भरलं. दहा मिनिटं लागली असतील. माझ्याकडे मुलांची यादी होती, आडनावांची. कोण कुणाबरोबर बसतं, कुणाचं कुणाशी जमतं, कोण घरी स्वयंपाक करत असेल, कुणाला अंगमेहनतीची सवय असेल, असा विचार करत मी लिहीत गेलो. निदान मला तसंच वाटत होतं. मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगू शकतो, आणि तेच मला आज सगळ्यांत भयंकर वाटतं.

सकाळी रूपाली सगळ्यांच्या आधी उठली होती. मी जेवणघरात गेलो तेव्हा ती फळ्यासमोर उभी होती. तिनं मोबाइल काढला, एक फोटो घेतला आणि माझ्याकडे न पाहता बाहेर गेली. मग मी फळा वाचला. बादल्यांच्या रांगेत, पाचही दिवस: तायडे, शिरसाट, डोंगरदिवे, आणि सेमाडोहच्या कोरकू आदिवासी मुलाचं आडनाव. आलटूनपालटून हे चारच. स्वयंपाकाच्या रांगेत कुळकर्णी, राठी, देशपांडे. मळ्यात आणि शेळ्यांकडे पाटील, काळे, ठाकरे. गावातल्या कुणालाही त्यात काही दिसलं नसतं. इंगाबाईंनी तर अक्षर छान आहे म्हटलं. त्या साठ-सत्तर माणसांत ती आडनावं वाचता येणारे आम्हीच होतो.

सर आले. गळ्याला मफलर, डोळे तापानं लाल. फळ्यासमोर थांबले. वाचलं. मला वाटलं, आता तो तीन वर्गांत जाणारा आवाज येणार. त्यांनी मफलरचं टोक घेतलं आणि फळा वरपासून खालपर्यंत पुसला. नवी रांग देवनागरीत लिहिली, गावांच्या नावांनी, अकारविल्हे. बादल्यांच्या पहिल्या दिवशी लिहिलं, 'अमरावती, पातूर'. म्हणजे मी आणि ते.

तापातच त्यांनी माझ्याबरोबर बादल्या उचलल्या. मी नाक दाबलं तर म्हणाले, "नाक सोडा. एक हात नाकाले गेला का बादली तिरपी होते." खड्ड्याशी पोचल्यावर त्यांनी गवत पसरलं, बादली उपडी केली, वर भुसा टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "माह्या आज्याले गावचं मेलेलं ढोर ओढा लागे. नाई म्हणाची सोय नोयती. बापानं आंगठा सोडून सही शिकली ती ह्याच्यापासून पयाले." मग माझ्याकडे बघत थांबले. मोकळं रान होतं, वारा होता, आम्ही दोघंच. त्यांनी मला वेळ दिला होता. मी म्हणालो, "सर, तुम्हाला ताप आहे, आत चला."

परत आल्यावर महिन्याभरात रूपालीनं कॉलेजकडे लेखी तक्रार केली. सोबत फळ्याचा फोटो. फळा कोणी भरला हे तिनं पाहिलं नव्हतं, पण 'कामं मी वाटून देईन' हे सरांचं बोलणं बसमध्ये सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि सर फळा पुसताना तिनं खिडकीतून पाहिलं होतं. 'चूक नव्हती तर पुसलं कशासाठी?' असं तिनं तक्रारीत विचारलं होतं.

तिघांची समिती बसली. गटाचा दुसरा शिक्षक म्हणून मला टिपणं घ्यायला बसवलं. अध्यक्षांनी विचारलं, "खंडारे सर, हा फळा कुणी भरला?"

सर माझ्याकडे पाहत होते. समितीकडे नाही, माझ्याकडे. माझं पेन कागदावर होतं.

"गटप्रमुख मी व्हतो," शेवटी ते म्हणाले. "माह्या गटात झालं. माह्यावर लिवा."

"लिहा, देशमुख," अध्यक्ष मला म्हणाले. मी लिहिलं.

समितीला हायसं वाटलेलं मला दिसलं. बौद्ध शिक्षकाकडूनच झालं म्हटल्यावर प्रकरण जातीचं राहतच नव्हतं, निष्काळजीपणाचं होत होतं. बाहेर कुणीतरी म्हणालं, "पाहा, आपलेच आपल्याले." मी तिथून निघून गेलो. मला कसली भीती होती? त्या वर्षी मला विभागप्रमुख व्हायचं होतं, हे एक. पण पद नसतं तरी मी बोललो असतो का, माहीत नाही. 'मी जातपात मानत नाही' हे वाक्य मी तीस वर्षं इतक्या ठिकाणी म्हटलं होतं, की ते मोडताना स्वतःला पाहण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

दौरे बंद झाले. सरांना ताकीद मिळाली. रूपाली त्यांच्या प्रयोगशाळेत पुन्हा गेली नाही. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, त्यांनी आधीच अर्ज दिला आणि गावी गेले. निरोपसमारंभ नको म्हणाले. प्रयोगशाळेच्या खिडकीत त्यांच्या आगपेट्या राहिल्या होत्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. शिपायानं मला विचारलं, "या फेकू का?" मी घरी आणल्या. अजून आहेत.

त्यांच्या गावी मी गेलो तो दोन वर्षांनी. त्यांनी शेताच्या बांधावर संडासाच्या तीन टिनाच्या खोल्या बांधल्या होत्या, डेन्मार्कसारख्या, बादलीच्या. गावातलं कुणी त्यांकडे फिरकत नव्हतं. बौद्धपुऱ्यातली माणसंही त्यांच्यावर रागावली होती. "ज्याच्यातून बाप बाहेर निंगाला, त्याच्यात गुरुजी परत घुसले," असं मला रस्ता दाखवणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं. सर एकटेच लिंबाच्या रोपांना ते खत घालत होते. फार वाळले होते.

"या, अमरावती. चहा घेता?"

मी उभ्या उभ्या बोललो. "सर, तो फळा मी भरला होता."

ते कुदळीवर टेकून हसले, खांद्यांनी. "मी इंग्रजीत कच्चा हाय, आंधया नाई. खडू कोणं देल्ला तुमाले?"

"तुम्ही सांगितलं का नाही मग?"

"मी काहून सांगू? मी सांगतलं असतं तं लोक म्हणले असते, खंडारेनं आपली खरकटी देशमुखाच्या ताटात लोटली. तोंड तुमचं. बोलाले तुमी पायजे होते. मी तं पाहून राहिलो होतो तुमच्याकडं."

"मी मुद्दाम केलं नव्हतं, सर."

"तेच तं दुखणं हाय. मुद्दाम केलं असतं तं मी भांडलो असतो, दोन शिव्या देल्ल्या असत्या, मोकया झालो असतो. पण न इचार करता लिवलं अन् बरोब्बर लिवलं. त्याच्याशी कसं भांडाव?"

मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला, माशी हाकलावी तसा.

"माह्याजवळ काय मांगता? मूर्तिजापूरले सांगतलं का?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"त्या पोट्टीच्या मनात हाय का सरानं आपल्याले बादल्यायले लावलं. मी मेलो तरी तिच्या मनात तेच राहीन. मले ताकीद भेटली त्याचं काई नाई. पण तिनं ते घेऊन जगाचं? नाई. आधी तिले सांगा. मंग या. मंग चहा घेऊ."

चहा त्यांनी दिला नाही. वऱ्हाडात दारी आलेल्या माणसाला चहा न देता परत पाठवणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

रूपाली तोवर अमरावतीत एका सरकारी कार्यालयात लागली होती. मी दोनदा तिच्या कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेलो. एकदा रसवंतीवर बसून उसाचा रस प्यायलो आणि परतलो. दुसऱ्यांदा ती बाहेर येताना दिसली, मैत्रिणीशी हसत होती. म्हटलं, आज नको.

तिला मी अखेर सांगितलं, पण सर गेल्यानंतर पंधरा दिवसांनी. कार्यालयाच्या बाहेर, लिंबाखाली. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी त्यांले मेसेज केला होता, सर. का आता मले मूर्तिजापूर म्हणू नका, तायडे म्हणत जा. त्यांनी एकच शब्द पाठवला. 'बरं'." मग म्हणाली, "मी दर दिवाळीत मावशीकडं पातूरच्या बसनं जातो. त्यांचा फाटा लागते. एकदाबी उतरली नाई. तुमाले हे सांगाले काय लागत होतं? एक फोन?" ती आत गेली.

त्या दिवशीही मी तिला सगळं सांगितलं नाही. सरांच्या शेवटच्या आजारातली एक गोष्ट ठेवून घेतली.

सरांना कावीळ झाली आणि मग पोटात पाणी. अकोल्याला दवाखान्यात ठेवलं होतं. मी दुपारी गेलो. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, उशाशी बसून संत्रं सोलत होत्या. सर डोळे मिटून पडले होते, अंगात बनियन, हाताला सलाईन. माझा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

"पोट्टीले सांगतलं?"

"हो, सर."

तो शब्द माझ्या तोंडून असा सहज गेला, की मलाच ऐकू आल्यावर कळलं. वाटलं, शेवटचं समाधान आहे, मिळू द्यावं. बाहेर पडलो की तडक अमरावतीची बस धरू, उद्याच तिला घेऊन येऊ, म्हणजे खोटं खरं होईल. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

"काय म्हणे?"

"रडली, सर. येते म्हणाली."

सरांनी मान वळवली. "अवं," ते वहिनींना म्हणाले, "तो निया सदरा काढ पिशवीतला."

"आता कुठं जाता?"

"कुठं नाई. मूर्तिजापूर येऊन राहिली. पोट्टी अशा बनियनवर पाहीन काय मले?"

वहिनी माझ्याकडे पाहून हसल्या. कित्येक महिन्यांत कुणी त्यांना चांगली बातमी आणली नसावी. त्यांनी सरांना उठवून बसवलं. सलाईनचा हात बाहीतून घालता येईना, म्हणून ती बाही नुसती खांद्यावर ठेवली आणि बाकीची बटणं लावली, गळ्यापर्यंत. सरांनी ओल्या हातानं केस बसवले.

बस मी धरली नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. सर त्यानंतर सहा दिवस होते. वहिनी नंतर म्हणाल्या, की व्हरांड्यात चपलांचा आवाज झाला की ते मान उचलत, आणि तो निळा सदरा बदलू देत नसत.

मी निघालो तेव्हा वॉर्डाच्या दारात थांबून मागं वळलो. सर उशीला टेकून ताठ बसले होते, दाराकडे तोंड करून. मी हात जोडले. त्यांनी मोकळा हात उचलला आणि बोटांनी दोनदा खूण केली. मला वाटलं, जा म्हणताहेत. मग समजलं, की मी दार अडवून उभा होतो. त्यांना पलीकडचं दिसत नव्हतं. बाजूला व्हा, असं ते म्हणत होते.